अकरा बटणांच्या जागा

देवाला साक्षी ठेवून मी, एनॉस ग्रॉफ, दिवंगत आब्राम ग्रॉफ यांचा थोरला मुलगा, वय एकोणपन्नास, धंदा घोड्यांचे चामडी सामान शिवण्याचा, राहणार कोकालिको ओढ्याच्या अलीकडे, लँकेस्टर कौंटी, पेनसिल्वेनिया, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी असा कागद मी कधी केलेला नाही. माझे हृदय दुबळे झाले आहे आणि येत्या वसंतातली नांगरट मला दिसेल असे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य वकील सगळ्यांनाच लिहायला लावतात. मला ते तेवढ्यावर सोडता येत नाही. या कागदात मी बरेच काही देणार आहे, त्याबद्दल कोणी फारसे बोलणार नाही. पण शेवटच्या कलमात मी एक वस्तू घेतली आहे. तिच्यावरून लोक म्हणतील की आजारपणात एनॉसची बुद्धी फिरली. म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी मी काय केले ते आधी लिहितो. बुद्धी कितपत जागेवर होती ते वाचणाऱ्याने ठरवावे.

मंगळवारी मी पाचला उठलो, प्रार्थना केली, घोडीला चारा घातला. वाडग्यात पागोळ्यांचे साठवलेले पाणी घेतले, कारण विहिरीच्या पाण्यात चुना असतो आणि रंग फाटतो. आठ वाजता उत्तरेच्या खिडकीत सावलीशिवायचा उजेड आला तेव्हा आमचा मूळपुरुष मेल्खियोर एबी याच्या बंडीचे चित्र पुढे घेतले. हे चित्र मी तीन वर्षांपूर्वी पूर्ण केले होते आणि ते खोटे होते. तपकिरी रंगात थोडा निळा मिसळून तो इतका पातळ केला की बशीत दिसू नये. मग बंडीच्या उजव्या कडेने, वरून खाली, अकरा लहान गोलांवर त्याचा एकेक हात दिला. एक वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही. अकरा वाजून गेले तेव्हा कुंचला धुतला आणि उभ्यानेच पाव खाल्ला. ज्याची बुद्धी फिरली आहे त्याच्या हातून अकरा गोल सारखे होत नाहीत.

आता देण्याघेण्याकडे वळतो.

कलम पहिले. ओढ्यालगतचे माझे दगडी घर, मागचा तबेला, रस्त्याकडचे दुकान आणि साडेतीन एकर जमीन मी माझा धाकटा भाऊ रूबेन ग्रॉफ याला देतो. रूबेनला आमच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती मंडळीने बावीस वर्षांपूर्वी वाळीत टाकले. वाळीतल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचे नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचे नाही, असा आमच्यात नियम आहे. त्याने वस्तू खाली ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग आपण उचलायची. त्याला काही देऊ नये असा मात्र नियम नाही. हे मी आमचे बिशप टोबायस एबी यांना विचारून घेतले आहे, तेव्हा घराबाबत कोणी हरकत घेऊ नये. रूबेनला घर नको असेल तर ते विकावे आणि जी मुले बंदूक धरायला नकार देऊन जंगलातल्या छावण्यांत झाडे लावण्याचे काम करीत आहेत त्यांच्या पांघरुणांसाठी पैसे पाठवावेत. पांघरुणेच का, ते पुढे येईल.

बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. उरेल ते कटुराला, म्हणजे रूबेनच्या बायकोला द्यावे. रूबेनला देऊ नये. तो ते शेजाऱ्यापाजाऱ्याला वाटून टाकील आणि वर मला नावे ठेवील.

कलम दुसरे. दुकानातल्या आऱ्या, रापी, मेणाचे गोळे, दोरे आणि चामड्याचे तुकडे शाळेच्या शिक्षिका मिस शोल म्हणतील त्या होतकरू माणसाला द्यावेत. लाकडी शिवणचिमटा यात नाही. तो माझा चुलतभाऊ हिरॅम याने सत्तावीस साली दोन दिवसांसाठी नेला. चौतीस साली मी विचारले तर म्हणाला, "अरे, तो तुझा होय? मला वाटलं आपल्या आजोबांचा!" आजोबा चामडे शिवत नव्हते, मधमाश्या पाळीत. असो. तो चिमटा मी या कागदाने हिरॅमला देतो. म्हणजे त्याला परत करण्याची चिंता नको आणि मला क्षमा करण्याची.

कलम तिसरे, चित्रे. यासाठी थोडे मागचे सांगावे लागेल.

मी आठ इयत्ता शिकलो, त्या सगळ्या एकाच खोलीत. आमचे गुरुजी पाढे चुकले नाहीत तर बक्षीस म्हणून तळहाताएवढ्या कागदावर रंगीत पक्षी काढून देत. मला पाच पक्षी मिळाले. मग मीच पक्षी आणि अक्षरे काढू लागलो. लोक बायबलच्या पहिल्या पानावर जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी माझ्याकडून काढून घेऊ लागले. तेवढी चित्रकला आमच्यात चालते. माणसाचे चित्र चालत नाही.

छत्तीस साली, कामधंदा बसला होता त्या काळात, फिलाडेल्फियाहून मिस वॉरिंग नावाच्या बाई आल्या. जुन्या काळच्या साध्या माणसांच्या अंगावरच्या बारीकसारीक वस्तू जशाच्या तशा रंगवून ठेवायचे सरकारने मनावर घेतले होते. बुटाची बकले, मोज्यांचे बंद, टाचण्या, बटवे, हूक. त्या चित्रकार शोधत होत्या आणि माझ्याकडे बॅगेचा तुटलेला पट्टा दुरुस्त करायला थांबल्या होत्या. भिंतीवरचा पक्षी पाहून त्यांनी मला कामावर घेतले.

"मिस्टर ग्रॉफ, टाका मोजून काढायचा," त्या म्हणाल्या. "एकही कमी नको, एकही जास्त नको. कल्पनाशक्ती घरी ठेवून यायचं."

"बाई, मी घरीच बसून काढणार आहे," मी म्हटले.

"मग ती तबेल्यात ठेवा."

मी बिशपांची परवानगी मागितली. टोबायसबाबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "वस्तू काढ. माणूस काढू नकोस." ती अट मी पाळली. पाच वर्षांत माझ्या हातून एकही चेहरा निघालेला नाही. पक्के कागद सरकारकडे गेले. माझ्याकडे आहेत ते सरावाचे, एकूण एकतीस. त्यांची वाटणी अशी.

लाल लोकरीच्या मोज्यांच्या बंदांचे चित्र कटुराला. ते बंद तिच्या आजीचे. एका बंदावर टाका सुटला आहे, तो मी तसाच काढला. तिने तो चित्रात शोधून "आजी वैतागली असती" म्हटले होते.

पँट वर धरणाऱ्या, खांद्यावरच्या दोन पट्ट्यांचे चित्र हिरॅमला. पुरुषाने एक पट्टा लावावा की दोन, यावर हिरॅम मंडळीचा डीकन, म्हणजे कारभारी, म्हणून तीन वर्षे भांडला. एकच लावावा, दुसरा पट्टा म्हणजे गर्व, असे त्याचे मत. हे चित्र त्याने जेवायच्या खोलीत लावावे.

पितळी बकलाचे चित्र मला गिरणीवाल्या वेंडेल क्लाइनला द्यायचे होते. तो लुथरन आहे, म्हणजे दुसऱ्या पंथाचा, सहा बटणांचा कोट घालतो (आमच्यात बटणाऐवजी हूक लावतात) आणि गेली वीस वर्षे मला पाहिले की ओरडतो, "काय हूकवाले! तुमच्या बायकांना काज करता येत नाही का हो?" पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि वकील म्हणतात साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. म्हणून बकल त्याला मी मागच्याच आठवड्यात हातोहात देऊन टाकले; ते या एकतिसांत धरलेले नाही.

एका टाचणीचे चित्र आहे. कागद मोठा आणि मधोमध एक वाकलेली टाचणी. आमच्या बायका अंगावर बटण लावत नाहीत, छातीवरचे फडके टाचण्यांनी लावतात. सलोमेला, माझ्या बायकोला, शेवटच्या महिन्यात बोटांत जोर नव्हता. तिने दारावर दाबून टाचणी लावली, तेव्हा ती वाकली. मला चेहरा काढायची मनाई होती. मी टाचणी काढली. तो कागद माझ्याबरोबर पेटीत ठेवावा. बाकीची सत्तावीस चित्रे मिस शोल यांनी शाळेत ठेवावीत आणि मुलांना हात धुऊन पाहू द्यावीत.

हे तीस झाले. एकतिसावे चित्र बंडीचे.

कलम चौथे. मेल्खियोर एबी हा आमच्या मंडळीचा मूळपुरुष. दोनशे वर्षांपूर्वी तो बायको फ्रोनी हिच्याबरोबर जहाजाने आला. त्याची तपकिरी बंडी बिशपांच्या घरी पेटीत असते. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, आमची सल्लासभा भरते. तीत प्रत्येकाला विचारतात की तुझी देवाशी आणि मंडळीशी शांती आहे का. त्या सभेत बिशप मेल्खियोरची गोष्ट सांगतात: बटण हे सैनिकाच्या कोटावरचे, मिरवण्याचे आणि माणसे मारण्याचे; म्हणून मेल्खियोरने जन्मात अंगाला बटण लावले नाही, हूकच लावले. गोष्ट संपली की बंडी उचलून दाखवतात. मी ती लहानपणापासून दुरून पाहत आलो.

एकोणीसशे अठरा साली रूबेनला सैन्यात बोलावणे आले. तो गेला, पण बंदुकीला हात लावला नाही. छावणीत त्यांनी त्याचा हूकचा कोट काढून घेतला आणि डिसेंबरात त्याला अंगणात उभे केले. तीन दिवस तो उभा राहिला. चौथ्या दिवशी त्याने सैन्याचा कोट अंगात घातला, पितळी बटणांचा. सुटून घरी आल्यावर त्याने हे आपण होऊन सांगितले. कोणाला कळलेही नसते.

वसंतातल्या सल्लासभेत त्याला उभे करून म्हटले, चूक कबूल कर. तो म्हणाला, "मी बंदूक उचलली नाही. कोट उचलला. थंडी वाजली ही चूक असेल तर तिची माफी कोणाकडे मागू?"

मग डीकन बाकाबाकावरून मते विचारत फिरले. वाळीत टाकायला सगळ्यांची संमती लागते. एकाचाही नकार असता तर निर्णय पुढच्या सभेपर्यंत थांबला असता आणि तोवर माणसांची डोकी निवली असती. आमचे वडील "सहमत" म्हणाले ते कोणाला ऐकूसुद्धा आले नाही. मी तिसऱ्या बाकावर होतो. माझ्या मनात "नाही" होते. डीकन माझ्यासमोर येऊन म्हणाले, "एनॉस?" आणि मी स्पष्ट आवाजात म्हणालो, "सहमत." का म्हणालो याला माझ्याजवळ चांगले कारण नाही. माझ्या अलीकडचे सगळे म्हणाले होते.

कटुरा त्याच्या टेबलावर जेवत राहिली, म्हणून वर्षभरात तिलाही वाळीत टाकले. ती बिशपांची पुतणी. आमची आई गेली तेव्हा मयताच्या जेवणाला ती दोघे आली. नियमाप्रमाणे त्यांचे टेबल वेगळे, आमच्या टेबलाला जवळजवळ लागून, मध्ये चार बोटांची फट. दोन्हींवर मिळून एकच पांढरी चादर अंथरली होती, म्हणजे पाहणाऱ्याला वाईट वाटू नये. जेवताना रूबेनचा हात चुकून चादरीवर त्या जागी पडला आणि चादर खाली दबली. त्याने हात उचलला आणि चादर पुन्हा नीट ताणून ठेवली.

अडतीस साली मिस वॉरिंग यांना मेल्खियोरच्या बंडीचे हूक हवे झाले. बिशपांनी बंडी मला नऊ दिवसांसाठी दिली. चौथ्या दिवशी सकाळी मी ती खिडकीत आडव्या उजेडात धरली. हुकांच्या रांगेच्या बाजूला कापडावर गोल जागा होत्या. बाकीचे कापड उन्हाने विटले होते, तेवढ्या जागा गडद राहिल्या होत्या. प्रत्येकीच्या मध्यात तुटक्या दोऱ्याचा खुंट. मोजल्या, अकरा. समोरच्या बाजूला अकरा काजे होती आणि ती इतक्या बारीक टाक्याने बुजवली होती की बोटालाही कळू नयेत. मी चामडे शिवतो. टाका पाहिला की हात ओळखतो. हा हात मी वर्षभरापूर्वी पाहिला होता, फ्रोनीच्या कमरेच्या बटव्यावर. तो बटवा कटुराकडे आहे आणि मी त्याचे चित्र काढले होते. मेल्खियोर बटणे लावून वर्षानुवर्षे उन्हात हिंडला होता. नंतर कधीतरी त्याच्या बायकोने ती काढली, काजे शिवली आणि हूक लावले.

मी बंडी काखोटीला मारून बिशपांकडे गेलो. ते आणि हिरॅम अंगणात कणसे सोलत होते.

"टोबायसबाबा, हिला बटणं होती."

"कुणाला?"

"बंडीला. अकरा. काजंसुद्धा होती, मागाहून शिवून टाकलीत."

त्यांनी कणीस खाली ठेवले नाही. "एनॉस, त्या बाईंना काय हवंय?"

"हूक."

"हूक आहेत ना? मग जे आहे ते काढ. जे नाही ते कशाला काढतोस?"

"खूण आहे, बाबा."

"म्हणजे नसलेल्याची खूण. चामडं शिवणारा माणूस तू, वकिली कधी शिकलास?"

हिरॅम हसला. "आता उद्या म्हणेल मेल्खियोर बंदूकही बाळगत होता."

मी घरी आलो आणि चित्र पुरे केले. हूक काढले, कड्या काढल्या, टाके मोजून काढले. त्या अकरा जागांवर रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहू दिला. खोटेपणा एवढाच, एक हात कमी. पाच वर्षांत तेवढी एकच जागा मी पाहून न पाहिल्यासारखी केली आणि मिस वॉरिंग त्या चित्रावर सगळ्यांत जास्त खूश झाल्या. त्यांच्या कचेरीला मी बुधवारी पत्र टाकले आहे की चित्रामागे दुरुस्तीची चिठ्ठी जोडावी. ती जोडली की नाही याची चौकशी मिस शोल यांनी करावी.

त्याच बुधवारी मी दुरुस्त केलेले चित्र घेऊन बिशपांकडे गेलो. टोबायसबाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना जवळजवळ दिसत नाही. चित्राचा उपयोग नव्हता. मी म्हटले, बंडी काढा. ती त्यांच्या मांडीवर पसरली, त्यांचे बोट धरले आणि दोऱ्याच्या पहिल्या खुंटावर ठेवले. मग दुसऱ्यावर. ते बोट फिरवू देत होते. शेवटाला पोचल्यावर म्हणाले,

"किती झाले?"

"अकरा."

"मी दहाच मोजले होते."

मला लगेच उमजले नाही. मग विचारले, "कधी?"

"पस्तिशीत असेन. कॉलरखालचा राहिला बहुतेक." त्यांनी बंडीवरून हात फिरवला. "एनॉस, हूक बघून पोरं मंडळीत थांबतात. भोकं बघून थांबली असती?"

"रूबेन थांबला असता. तो आत होता, बाबा. आपण बाहेर काढला."

"त्यानं माफी मागावी."

"थंडी वाजल्याची?"

त्यांनी बंडीची कड बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, "तू रविवारी हे सभेत काढणार."

"हो. आणि माझं एकोणीस सालचं 'सहमत' मागे घेणार. त्याआधी रूबेनकडे जाऊन जेवणार."

"मग तुझ्याबद्दलही डीकन बाकाबाकावरून फिरेल. डीकन हिरॅम आहे."

"ठाऊक आहे."

"सलोमेशेजारची जागा जाईल."

"तेही ठाऊक आहे."

मी बंडी घडी घालून पेटीत ठेवू लागलो. नेहमी ती हूक वर आणि कड खाली दुमडून ठेवतात. बिशप म्हणाले, "दुमडू नकोस. उघडीच ठेव." त्याचा अर्थ मी लावत नाही. त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे.

कलम पाचवे, माझी माती. मला सलोमेच्या शेजारी पुरावे अशी माझी इच्छा आहे. मंडळीने नाही म्हटले तर कोणी भांडू नये, रूबेनने तर नाहीच नाही. सलोमेची कबर दक्षिणेच्या कुंपणालगत आहे. कुंपणापलीकडची जमीन क्लाइनची आहे आणि तो म्हणतो, "एक हूकवाला माझ्या जमिनीत पडला तर माझ्या गव्हाला काही होत नाही." तेव्हा मला कुंपणाला लागून पलीकडे पुरावे. मध्ये चार बोटांची फट राहील. तिची मला सवय आहे.

दगडावर नाव आणि सालाशिवाय काही कोरू नये. पक्षी काढू नये.

कलम सहावे आणि शेवटचे. हे आज शनिवारी दुपारी रूबेनच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. साक्षीदार म्हणून वेंडेल क्लाइन आणि मिस शोल इथे आहेत. कटुराने माझ्यासाठी नेहमीप्रमाणे लहान टेबल वेगळे मांडले होते, मोठ्या टेबलापासून चार बोटे दूर, वर चादर. या घरात मी कधी आलो तर तिथेच बसतो.

आल्यावर मी चित्र रूबेनच्या हातात दिले. देण्याला बंदी नाही. त्याने ते परत माझ्याकडे दिले, हात धुऊन आला, मग घेतले आणि दारातल्या उजेडात गेला. त्याचे ओठ हलत होते.

"अकरा," तो म्हणाला.

"टोबायसबाबा दहा म्हणतात."

"त्यांना ठाऊक होतं?"

"पस्तिशीपासून."

रूबेन हसेल की काय करील मला कळेना. त्याने चित्र उजेडात थोडे तिरपे धरले. "म्हणजे यानंही घातला होता."

"बंडी. कोट नव्हे."

"तेच रे, दादा. मग याला कुणी उभं केलं होतं का?"

"फ्रोनीनं काजं शिवली. बाकी काही झाल्याचं कापडावर दिसत नाही."

कटुरा चुलीकडून म्हणाली, "शिवताना चार शब्द ऐकवले असतील. एबींच्या बायका तशाच."

"ते मला विचारा," रूबेन म्हणाला, आणि तेव्हा आम्ही सगळे हसलो.

मग तिने कॉफी ओतली आणि काकवीचा केक कापला. रूबेनने माझा कप आणून लहान टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. बावीस वर्षांत त्याचा हात हे आपोआप करायला शिकला आहे.

मी म्हटले, "उचल तो."

"का? माशी पडली?"

"उचल आणि हातात दे."

कटुराची सुरी केकमध्येच थांबली. "भाऊजी, उद्या सल्लासभा आहे."

"म्हणून तर आज आलो."

"दादा," रूबेन म्हणाला, "मला घर दिलंस, चित्र दिलंस. तेवढं पुरे. तू सलोमेवहिनीजवळ जा. मला काही वाटणार नाही."

"एकोणीस साली मला विचारलं तेव्हा मी जे बोललो ते माझं नव्हतं. आता तरी माझं मला करू दे."

क्लाइन म्हणाला, "मंडळी, कॉफी निवतेय. लुथरन माणसाला दिली असतीत तर एव्हाना संपली असती." मिस शोल यांनी त्याला कोपराने ढोसले.

मी उठून लहान टेबल गुडघ्याने ढकलले. ते मोठ्या टेबलाला टेकले. चादरीला मध्ये सुरकुती पडली ती कटुराने हाताने सारखी केली, आणि मग हात तिथेच राहू दिला. खाली लाकूड होते.

रूबेनने कप उचलला. तो त्याने माझ्यापुढे धरला.

तरी मी, एनॉस ग्रॉफ, या कागदाने जाहीर करतो की शनिवार, दिनांक अठरा ऑक्टोबर एकोणीसशे एकेचाळीस रोजी दुपारी तीनच्या सुमारास, डोके ठिकाणावर असताना, नियम पूर्ण ठाऊक असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता अगर भरीला न पडता, मी माझा भाऊ रूबेन याच्या हातातून कॉफीचा कप माझ्या हातात घेतला आणि त्याच्या टेबलावर बसून तो रिकामा केला.

(सही) एनॉस ग्रॉफ

वर सही करणाऱ्याने हा कागद आम्हांला वाचून दाखवला आणि आमच्यासमक्ष सही केली. त्या वेळी तो सावध होता. कप घेतला तोही आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला.

साक्षीदार:
(सही) वेंडेल क्लाइन, गिरणीमालक
(सही) एडना शोल, शिक्षिका

स्थळ: रूबेन ग्रॉफ यांचे स्वयंपाकघर, कोकालिको ओढ्याच्या पलीकडे, लँकेस्टर कौंटी
दिनांक: १८ ऑक्टोबर १९४१